आल्थियाताई, तुमचे आभार

प्रिय आल्थियाताई गिब्सन,

अमेरिकेचं टेनिस गाजवून तुम्ही गेलात, त्याला वीस वर्षं उलटली. तरी हे पत्र लिहायचंच होतं.

माझे वडील एका क्लबात टेनिसचे मार्कर, म्हणजे मेंबरांना सराव देणारे नोकर, होते. पहाटे, मेंबर यायच्या आधी, ते मला नेटपलीकडून चेंडू द्यायचे. पहिली गाडी फाटकात शिरली की मी रॅकेट पिशवीत कोंबून पंपाच्या खोलीमागे जायचे. मार्करच्या मुलीने खेळू नये, अशी पाटी कुठेच नव्हती. स्पर्धेच्या अर्जावर फक्त एक रकाना होता, सभासद क्रमांकाचा. तो माझ्या अर्जात कोराच राहायचा.

वडिलांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून तुमचा फोटो चिकटवलेला होता. १९५७, विम्बल्डन, तुम्ही आणि राणी एलिझाबेथ. "ही बाई न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर खेळून मोठी झाली," एवढंच ते सांगत. बाकीचं मी पुढे शोधून वाचलं, आणि तुमच्याही वाटेत तसाच एक रकाना होता हे कळलं. अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या नियमांत काळ्या खेळाडूंना मनाई नव्हती. पण राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर आधी मोठ्या क्लबांच्या स्पर्धा खेळायला हव्यात. ते क्लब गोऱ्यांचे, त्यांचं बोलावणंच यायचं नाही. काळ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तुम्ही १९४७ पासून दरवर्षी अजिंक्य, तरीही नाही. १९५० च्या जुलैत गोऱ्या माजी विजेत्या ॲलिस मार्बल यांनी टेनिसच्या मासिकात आपल्याच लोकांना जाब विचारला, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

त्या ऑगस्टमधली, फॉरेस्ट हिल्सच्या राष्ट्रीय स्पर्धेतली दुसरी फेरी मी किती वेळा मनात खेळले असेन! समोर विम्बल्डन विजेती लुईस ब्रॉफ. पहिला सेट तुम्ही १-६ हरलात, दुसरा ६-३ घेतलात, तिसऱ्यात ७-६ अशी आघाडी. तेवढ्यात वादळ आलं. वीज कोसळली आणि स्टेडियमवरचा दगडी गरुड खाली आला. खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी तुम्ही ७-९ ने हरलात. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या विजयांपेक्षा ही हार मोठी आहे. बरोबरीने खेळू शकत नाही, असं त्यानंतर कोण म्हणणार होतं?

पुढे काही वर्षांनी आशिया दौऱ्यात तुम्ही भारतातही खेळलात. इथेच इंग्लंडच्या टेनिसपटू ॲंजेला बक्स्टन भेटल्या. ज्यू म्हणून त्यांनाही क्लबांनी दूरच ठेवलं होतं. १९५६ मध्ये दोघींनी मिळून पॅरिस आणि विम्बल्डनची दुहेरी जिंकली. त्याच वर्षी पॅरिसची एकेरी जिंकून तुम्ही ग्रँड स्लॅम मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या खेळाडू झालात. तेव्हा हौशी टेनिसमध्ये बक्षिसाचा पैसा नव्हता. म्हातारपणी भाडं आणि औषधं परवडेनात, तेव्हा तुम्ही फोन केलात तो ॲंजेलांनाच, आणि त्यांनी जगभरच्या टेनिसप्रेमींकडून मदत उभी केली. हे वाचताना मी रडले.

माझं नाव मोठ्या स्पर्धेच्या यादीत कधी आलं नाही. पण रॅकेट सोडावीशी वाटली, तेव्हा तेव्हा ते झाकण उघडून बसले. त्यासाठी आभार, ताई.

आता मी नगरपालिकेच्या मैदानावर मुलींना शिकवते. माझ्या वहीत तीनच रकाने आहेत: नाव, वय आणि बुटाचं माप. काल चौदावं नाव लिहिलं.

तुमची,
एका मार्करची मुलगी