शेगडी जवळजवळ ठरली

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा फोन सारखा तुटत होता, म्हणून सविस्तर लिहितेय. घर तापवायला कोळशाची शेगडी घेणार म्हटल्यावर आईने धसका घेतला आणि तुम्ही लगेच हिशेबाला बसलात: क्षमता किती, जाळी कुठली, ड्राफ्ट, म्हणजे चिमणीची हवेची ओढ, कसा. बॉयलर हाऊसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! तुम्ही म्हणालात, घ्यायचीच तर एक माप मोठी घे, मंद ठेवता येईल. तेवढं मात्र मी ऐकत नाहीये. कारण सांगते.

आम्ही जाळणार तो ॲन्थ्रासाइट, म्हणजे कठीण कोळसा, पेन्सिल्व्हेनियाच्या ईशान्य भागातल्या खाणींचा. तुमच्या भट्टीतल्या कोळशात उडून जाणारे वायू भरपूर, म्हणून ज्वाळा आणि काळा धूर. यात ते अगदी थोडे. त्यामुळे धूर जवळजवळ नाही, पण पेटायला महाहट्टी. आधी लाकडाचा चांगला जाळ करायचा, मग त्यावर थोडा थोडा कोळसा. एकदा थर लाल झाला की दहा-बारा तास बघावं लागत नाही. किलोमागे साधारण ८ युनिट (kWh) उष्णता, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या दुप्पट. मात्र थर जाड हवा आणि हवा खालून, जाळीतूनच यायला हवी. हवा फार कमी केली तर विझतो, आणि मग सगळं उपसून पुन्हा लाकडापासून सुरुवात. म्हणजे थंडी बेताची असेल तेव्हा मोठी शेगडी एकतर घर भाजून काढणार, नाहीतर विझून बसणार. त्यापेक्षा मधल्या मापाची घेऊ. कडाक्याचे जे थोडे दिवस असतात, त्यांना जोडीला जुनं हीटिंग आहेच.

एका विक्रेत्याने लाकडाचीच शेगडी पुढे केली, ‘यात कोळसाही चालतो’ म्हणून. मी दार उघडून आत पाहिलं तर खाली सपाट विटा, जाळीचा पत्ताच नाही! तुम्ही असतात तर तिथेच त्याची शाळा घेतली असतीत.

दुसरा प्रश्न होता स्टोकरचा. त्यात तांदळाएवढा बारीक कोळसा वरच्या पेटीत भरायचा, मोटर तो पुढे ढकलते, पंखा हवा देतो, थर्मोस्टॅट सगळं सांभाळतो. सोय उत्तम, पण वीज गेली की सगळं ठप्प. आणि बर्फाच्या वादळात नेमकी तेव्हाच वीज जाते. म्हणून हाताने भरायची घेतोय. सकाळ-संध्याकाळ आमच्यापैकी कुणीतरी घरी असतंच. तिला कोळसा मोठा लागतो, बारीक घातला तर जाळीतून खालीच पडेल.

आमच्या ओळखीच्या एका घरी भरताना बघितलं. जुन्या निखाऱ्यांवर नवा कोळसा ओतताना एक कोपरा मुद्दाम लाल, उघडा ठेवला. थोड्या वेळाने त्या कोपऱ्यातून निळ्या ज्योती निघाल्या आणि नव्या कोळशावर पसरत गेल्या. निघणारा वायू तिथल्या तिथे जळतो. पूर्ण झाकलं तर तो आत साठतो आणि मग एकदम ‘धप्प’! आणखी एक, तुमची वरून सळईने ढवळायची सवय इथे चालणार नाही. राख वर येते, वितळून तिचे दगडासारखे गोळे, म्हणजे क्लिंकर, होतात आणि आग बसते. फक्त खालून जाळी हलवायची, लाल ठिणग्या पडायला लागल्या की थांबायचं. राखेचं दार लगेच बंद करायचं, कारण ते उघडं राहिलं तर इतकी हवा खेचली जाते की जाळी तापून वाकते.

आता हे आईला वाचून दाखवा. तिची भीती खरी आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून शेगडीआधी चिमणी. आतून तपासून, नवं अस्तर घालून घेतोय, आणि त्या चिमणीत दुसरं काहीही जोडलेलं नसेल. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, बॅटरीवर चालणारे. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घरापासून लांब. हिवाळा संपला की धुराचा पाइप काढून साफ करायचा, नाहीतर गंधक असलेली राख पावसाळी दमट हवेत आम्ल होऊन पत्रा खाते. हे काम मी कुणावर सोडणार नाही.

धाकटी मात्र रुसली आहे. ‘धूर नाही म्हणून काय झालं, कार्बन डायऑक्साइड तर निघतोच ना?’ तिचं बरोबर आहे. हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राचा, विचार आम्ही सोडलेला नाही, पण या घराच्या भिंती आणि खिडक्या आधी नीट करायला हव्यात, आणि तो खर्च यंदा झेपणारा नाही.

तुम्हाला एक विचारायचंय. दोन शेगड्या उरल्या आहेत, दोन्ही मधल्या मापाच्या. एकीत त्रिकोणी दांड्या आहेत, फिरवल्या की राख कापून खाली पाडतात. दुसरीत सपाट जाळी, मागेपुढे हलणारी. पहिलीत क्लिंकर फुटतील, पण दांडीत कोळसा अडकला तर? दांडी बाहेर काढून बदलता येते का, हे मी विचारलंय, उत्तर यायचंय. तुमचं मत रविवारच्या आत कळवा.

आईला नमस्कार. गुडघ्याचं काय झालं तेही सांगा.

तुमची,
मोठी