‘काही लागलं तर सांगा’, पण कोणत्या वारी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ‘कॅन्सरवर मात’ अशा मथळ्याचे लेख येतात. मी ते वाचतो, काहींची कात्रणंही ठेवली आहेत. पण मात केलेल्यांत माझी गणती होणार नाही, आणि हरलेल्यांतही अजून झालेली नाही. अडीच वर्षांपूर्वी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पोटावर कायमचा स्टोमा आला, म्हणजे मळ बाहेर येण्यासाठी पोटावर केलेलं तोंड; त्यावर चिकटणारी प्लेट आणि बॅग लावावी लागते. मागच्या वर्षी यकृतात गाठी दिसल्या. डॉक्टर आता ‘बरा’ हा शब्द काढत नाहीत, ‘आटोक्यात’ म्हणतात. दर चौदा दिवसांनी केमो घ्यायची आणि मधल्या दिवसांत जगायचं. आमच्यासारख्यांवर मथळा करणं अवघड जात असेल, हे समजू शकतो.

नोकरीभर मी बस डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. कोणत्या फेरीला कोणता ड्रायव्हर, कोण रजेवर, कोण स्पेअर, यातच तीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कधीही हाक मारा, येतो’ म्हणणारा माणूस चार्टवर लावता येत नाही. ‘मंगळवारी पहाटेची पाचची फेरी माझी’ म्हणणाराच लावता येतो. आजारी पडल्यावर पहिल्या महिन्यात मला भेटलेल्या जवळपास प्रत्येकाने ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं. मनापासून म्हटलं, यात शंका नाही. पण सांगायचं कुणी? ज्याला उठून पाणी घ्यायची उमेद नाही त्याने? आणि मागायचं काय, हे तरी त्या वेळी कुठे कळत होतं?

ऑपरेशननंतर घरी सोडलं तेव्हा हातात जाड फाइल होती. रिपोर्ट, गोळ्यांची यादी, पुढची तारीख, सगळं होतं. तिसऱ्या रात्री दोन वाजता बॅग सुटली. मी न्हाणीघरात स्टुलावर, पत्नी खाली बसलेली, एका हातात मोबाइलचा टॉर्च आणि दुसऱ्या हातात कात्री. बॅगच्या प्लेटला स्टोमाच्या मापाचं भोक कापायचं असतं. आम्ही ‘घट्ट नको’ म्हणून ऐसपैस कापलं होतं. भोक मोठं, म्हणून मळ कातडीवर येत होता. कातडी लाल झालेली, त्यावर चिकटत काहीच नव्हतं. एकामागून एक तीन प्लेटा वाया गेल्या. आम्ही दोघं एकमेकांवर ओरडलो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, इतक्या वाईट आवाजात कधी बोललो नव्हतो. त्या जाड फाइलमध्ये रात्री दोनला फोन करण्याजोगा एकही नंबर नव्हता.

बॅग नीट कशी लावायची, हे शिकवलं ते माझ्यासारख्याच स्टोमा असलेल्या एका गृहस्थाने. पुढच्या तपासणीला स्टोमाची नर्स भेटली, तिने त्यांना माझ्या घरी पाठवलं. ते आले, शर्ट पँटमध्ये खोचलेला, पट्टा बांधलेला. समोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘सांगा पाहू, माझी बॅग कुठे आहे?’ मी बघतच राहिलो. मला खरंच ओळखता आलं नाही. मग त्यांनी शर्ट वर केला. मापाची पट्टी काढून माझा स्टोमा मोजला, ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत तो आक्रसत जातो म्हणून दर वेळी मोजायला लावलं, भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापून दाखवलं. प्लेट लावण्यापूर्वी ती दोन्ही तळव्यांत धरून गरम केली आणि लावल्यावर वरून हात दाबून धरला. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वजनाने ओढली जाईपर्यंत थांबायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. चाळीस मिनिटांत ते गेले. धीर धरा, पॉझिटिव्ह राहा, यातलं एक अक्षर बोलले नाहीत. त्या रात्री मी सलग झोपलो.

नंतर कुतूहल म्हणून वाचलं तेव्हा कळलं की हे प्रकरण जुनं आहे. १९५१ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात स्टोमा झालेल्या रुग्णांनी एकमेकांना मदत करायला गट काढला. क्यू आणि टी या वॉर्डांतले रुग्ण, म्हणून गटाचं नावही ‘क्यूटी’. पुढच्याच वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या टेरीस लॅसर या बाईंनी, नुकतंच ऑपरेशन झालेल्या बायकांना जाऊन भेटण्याचं काम सुरू केलं. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ जे माहीत आहे, ते माझ्यापर्यंत पोहोचायला तीन प्लेटा वाया जाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट माझ्याच अंगाशी येणारी आहे, तरी सांगतो. रुग्णालयात लिफ्टशेजारी एक दार होतं. त्यावर ‘समाजसेवा विभाग’ अशी पाटी. मी चार महिने त्यावरून ये-जा केली. मला वाटायचं, पैशाची अडचण असलेल्यांनीच तिथे जायचं. आणि खरं सांगायचं तर, आपण काही मागायला आलेलो नाही असा थोडा ताठाही होता. एकदा फाइल हरवली म्हणून त्या दारात डोकावलो. आतल्या वैद्यकीय समाजसेविका बाईंनी बसवलं आणि एक कागद पुढे केला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तिथे खूण करायची. चार किंवा त्यावर खूण असेल तर विचारपूस पुढे न्यायची. मी सातवर केली. बाजूला अडचणींची यादी होती, त्यात पैसा, घर, झोप, काळजी, आणि ‘वाहतूक’. जन्मभर त्या खात्यात काढला आणि माझ्या आजाराच्या कागदावर तोच शब्द. मी हसलो, बाईही हसल्या. खूण मात्र केली, कारण केमोच्या दिवशी परत कसं यायचं, हा आमचा दर पंधरवड्याचा घोर होता.

त्याच दिवशी घरी येऊन मी चौदा दिवसांचा चार्ट आखला. जुन्या सवयीने पट्टी घेऊन.

पहिला दिवस डे-केअरचा. सकाळी रक्ताचा रिपोर्ट, मग सलाईन, संध्याकाळ होते. सोबत बसायला एक, परत आणायला गाडीवाला एक. त्यानंतर शेहेचाळीस तास कमरेला औषधाचा पंप, तो घरीच चालतो. तिसऱ्या दिवशी तो काढायला पुन्हा जायचं, तेव्हा गाडी पुन्हा. या दिवसांत माझ्या औषधाची एक गंमत असते. गार वस्तूला हात लागला की बोटांत मुंग्यांचा करंट बसतो, गार घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. म्हणून फ्रिज उघडणं माझ्या ड्यूटीतून काढलं. तिसरा ते सहावा दिवस मी माणसांत नसतो. कुणी बोलायला येऊ नये, पण विजेचं बिल, औषधाचं दुकान, टाकीचं पाणी कुणीतरी पाहावं. सातव्यानंतर बरं वाटतं आणि नेमक्या त्याच सुमारास रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खाली असतात. सर्दी-खोकलावाल्यांनी फोनवर भेटावं. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये १००.४ झाला, तर तापाची गोळी घेऊन वाट पाहत बसायचं नाही, ताबडतोब रुग्णालयाला फोन. त्यासाठी रात्रीचा स्पेअर हवा. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘काका, रात्री मी जागाच असतो, माझं नाव लिहा.’ आतापर्यंत दोनदा त्याने नेलं. एकदा पहाटे साडेतीनला.

चार्ट घेऊन मी एकेकाकडे गेलो तेव्हा फार संकोच वाटला. पण झालं उलटंच. माणसं मोकळी झाली. त्यांनाही काय करावं कळत नव्हतं, म्हणून ती ‘काही लागलं तर सांगा’ म्हणत होती. जुना डेपोतला सहकारी, ज्याच्याशी दहा वर्षं धड बोलणं नव्हतं, त्याने तिसरा दिवस कायमचा घेतला. दोघा-तिघांनी नाही म्हटलं, तेही बरं झालं. नाही म्हणणारा कळला की चार्ट बसतो.

चार्ट पुरा झाल्यावर पत्नीने चष्मा लावून तो वाचला आणि विचारलं, ‘यात माझी रजा कुठे आहे?’ माझ्या हाताखालच्या कुणालाही मी आठवडी सुट्टीशिवाय राबवलं नसतं, आणि घरात दीड वर्षं एकच माणूस डबल ड्यूटीवर होता. आता गुरुवारी दुपारी तीन ते सहा तिला रिलीफ असतो. त्या वेळेत ती कुठे जाते, हे मी विचारत नाही. एकदा तीच म्हणाली, नुसती बाकावर बसून आले.

‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाला मी फार घाबरायचो. वाटायचं, शेवटचा स्टॉप आला. समाजसेविका बाईंनीच समजावलं की वेदना, मळमळ, झोप, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण हे सगळं पाहणारी ती माणसं असतात आणि उपचार चालू असतानाच त्यांच्याकडे जायचं असतं. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, उदासी कमी राहिली, आणि आयुष्यही थोडं जास्त मिळालं : मध्यक, म्हणजे रांगेतल्या मधल्या रुग्णाचं आयुष्य, ११.६ महिने, इतरांचं ८.९. माझा कॅन्सर वेगळा, हे आकडे मला लावून मी बसत नाही. पण जायची भीती गेली. त्यांची नर्स आता महिन्यातून एकदा घरी येते आणि आधी पत्नीला विचारते, तुम्ही कशा आहात?

रुग्णांच्या गटातही जातो, तेही प्रत्येक वेळी नाही. एखादा चेहरा पुढच्या खेपेला दिसत नाही, ते सोसण्याजोगं असेल त्याच दिवशी जातो. घरी ‘मला भीती वाटते’ म्हटलं की सगळे मला समजावायला धावतात. तिथे कुणी धावत नाही. स्कॅनच्या आदल्या आठवड्यात माणूस चिडका का होतो, हे तिथे सांगावं लागत नाही. मात्र जिथे कुणी हळूच रामबाण औषधाची पुडी किंवा पत्ता पुढे करतो, त्या बैठकीतून मी उठून येतो. एकदा आलो आहे.

आता मुख्य विनंती. आपल्या अंकात रोज एक चौकट असते : रक्तपेढी, अग्निशमन दल, रुग्णवाहिका. तशीच एक चौकट आठवड्यातून एकदा कॅन्सरच्या रुग्णांसाठी द्यावी. जवळच्या रुग्णालयांतले समाजसेवा विभाग आणि त्यांच्या वेळा, घरी येणारी पॅलिएटिव्ह सेवा, स्टोमाची नर्स कोणत्या दिवशी बसते, समुपदेशन कुठे मिळतं, रुग्णांचा गट कधी भरतो, बाहेरगावच्यांना उतरायची सोय. नंबर छापण्याआधी आपल्या माणसाने प्रत्येक नंबर स्वतः फिरवून पाहावा, ही त्यातली अट. बंद पडलेला नंबर रात्री दोनला फार लांबचा वाटतो. आणि शक्य असेल तर या चौकटीतली पहिली ओळ अशी ठेवा : समाजसेवा विभाग फक्त पैशांसाठी नसतो.

आज माझा अकरावा दिवस आहे, म्हणून एवढं लिहू शकलो. जागेअभावी काटछाट करावी लागली तर मधलं माझं पुराण खुशाल काढा, चौकटीचं तेवढं ठेवा.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक