तक्रार : हँडहेल्ड स्कॅनरमधून ऑफिसचे शेअर्ड फोल्डर उघडत नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यासाठी आपल्या कंपनीचे अँड्रॉइड हँडहेल्ड स्कॅनर घेतले आहेत. गोदामात गठ्ठ्यांवरचे बारकोड वाचायचे आणि तयार झालेली फाइल वाय-फायवरून ऑफिसच्या संगणकातील शेअर्ड फोल्डरमध्ये टाकायची, एवढेच काम. माहितीपत्रकात ही सोय ठळक छापली आहे. प्रत्यक्षात आपले फाइल अ‍ॅप दर वेळी 'पासवर्ड चुकीचा' असे सांगून थांबते.

पासवर्ड बरोबर आहे, आणि तो विंडोजचा पिन नसून खात्याचाच पासवर्ड आहे. त्याच वाय-फायवरच्या साध्या मोबाइलमधून तोच आयपी पत्ता, तेच युजरनेम दिले की फोल्डर उघडते, फाइल सेव्हही होते. म्हणजे राउटर, फायरवॉलमधील ४४५ पोर्ट (शेअर्ड फोल्डरची वाट), 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही टॅबमधील परवानग्या यांत काही अडलेले नाही.

दोष कुठे आहे ते संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येच (विंडोज आपल्या नोंदी दाखवते ते साधन) दिसते. एसएमबी म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची पद्धत; तिच्या सर्व्हरच्या ऑपरेशनल लॉगमध्ये १००१ क्रमांकाची नोंद आहे : स्कॅनरच्या आयपी पत्त्यावरून एसएमबी १ (पहिली आवृत्ती) वापरून जोडणीचा प्रयत्न झाला आणि तो नाकारला गेला. आपल्या अ‍ॅपला जुने एसएमबी १ सोडून दुसरे काही येतच नाही. कोणती आवृत्ती वापरायची हे आधी ठरते, पासवर्डची पाळी त्यानंतर येते. इथे गाडी पहिल्याच पायरीवर अडते, तरी स्क्रीनवर दोष पासवर्डला. गोदामातील माणसे तो पुन्हापुन्हा टाकत राहतात.

हेल्पलाइनचा सल्ला तर धोकादायक आहे : 'विंडोज फीचर्समधून एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद ठेवा.' मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ मधील त्रुटीतूनच पसरला. त्याच वर्षीच्या विंडोज १० आवृत्ती १७०९ पासून एसएमबी १ चा सर्व्हर मुळात बसवूनच येत नाही. ज्या संगणकावर जीएसटीची बिले आणि पार्ट्यांची खाती आहेत, त्यावर आम्ही ते चालू करणार नाही. एफटीपी हाही पर्याय सुचवू नये, त्यात पासवर्ड उघडाच जातो.

एसएमबी २ विंडोज व्हिस्टापासून आहे, त्यामुळे नवीन तंत्रज्ञान मागतो आहोत असे नाही. अ‍ॅपमध्ये एसएमबी २ आणि ३ द्या, साइनिंगसह (म्हणजे संदेश वाटेत बदललेला नाही याची खूण). विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत साइनिंग मुळातच सक्तीचे असते, ते नसेल तर नवा संगणक घेताच हीच अडचण उभी राहील. संगणक सापडला नाही, आवृत्ती जुळली नाही आणि पासवर्ड चुकला, यांसाठी वेगवेगळे संदेश हवेत. हेल्पलाइनवरचा तो सल्ला मात्र आजच थांबवा.

१५ दिवसांत अपडेट मिळाले नाही तर सर्व स्कॅनर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी.

आपले,
भांडार विभाग, सोलापूर

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पान, लॉगमधील नोंदीचा स्क्रीनशॉट