चित्रांना कूलरसमोर टांगू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या कलादालनांत सध्या काय लागले आहे, हे आपल्या अंकात नियमित वाचायला मिळते. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा आणि त्यांतल्या नाटकांचा, हंगाम सुरू होतो. त्याच सुमारास तालुक्याच्या सभागृहांत, वाचनालयांत आणि शाळांच्या हॉलमध्येही चित्रप्रदर्शने मांडली जातात. त्यांची बातमी फार तर उद्घाटनाच्या फोटोपुरती येते. प्रदर्शने होतात याचा आनंदच आहे. पण मांडणीतल्या चुकांमुळे चित्रे खराब होतात, आणि तो परिणाम दिसेपर्यंत चित्र घरी परतलेले असते, म्हणून दोष कागदाला किंवा रंगाला दिला जातो. या हंगामाआधी त्याबद्दल लिहिणे आम्हाला गरजेचे वाटते.

सर्वांत मोठे नुकसान करतो तो कूलर. सुट्ट्या आहेत म्हणून काही प्रदर्शने मे महिन्यातही ठेवतात. बाहेर पारा ४५ अंशांवर असतो आणि दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर आलेली असते. हॉलमध्ये खसाच्या ताट्यांचा कूलर लावला की तासाभरात आत दमट होते. रात्री तो बंद केला की हवा पुन्हा कोरडी. कागद ओल पिऊन फुगतो आणि वाळून आखडतो. आठ दिवस हेच चालले, की चारही बाजूंनी चिकटवलेल्या जलरंगाच्या कागदाला लाटा येतात. कॅनव्हास ओलीत सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो, आणि त्या ओढाताणीत जाड तैलरंगाला तडे जातात. म्हणून उन्हाळ्यात जलरंगाचे प्रदर्शन ठेवूच नये. ठेवणे भागच असेल तर कूलरचा झोत प्रेक्षकांकडे वळवा आणि समोरची भिंत रिकामी सोडा. पावसाळ्याचे दुखणे वेगळे: आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि खळीच्या वासाने कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, येते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ आपल्याकडे चित्रांना सर्वांत मानवतो.

दुसरी गोष्ट भिंतीची. पश्चिमेची भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, आत उष्णता सोडते. नव्या प्लॅस्टरची भिंत कितीतरी आठवडे ओल सोडत राहते, तर चुन्याची भुकटी फ्रेमला लागते. चित्र आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत अर्धा इंच जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल.

भिंतच नसेल तर बांबूचे पॅनेल करावेत. सहा बाय चार फुटांची चौकट, तिच्यावर बुरुडाकडून विणून घेतलेला तट्टा, वरून ताणलेली साधी खादी, आणि मागे तिरका आधार. बांबू हिरवा वापरला तर त्याला भुंगेरे लागतात आणि खाली पिवळसर भुकटी पडू लागते. काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की त्यातला पिष्टाचा अंश धुऊन जातो आणि तो पुष्कळ टिकतो. १९३६ साली फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे नगर चित्रकार नंदलाल बसूंनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून सजवले होते. त्याच वर्षी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. गावात कला दाखवायला भपका लागत नाही, हे आपल्या भागाला तेव्हापासून ठाऊक आहे.

फ्रेम करताना दोन चुका हमखास होतात. चित्र सेलोटेपने चिकटवतात. टेप पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात उतरतो, तो डाग मग निघत नाही. मूळ कागदाला फेविकॉल तर लावूच नये. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ हातकागदाच्या दोन पट्ट्या, त्याही फक्त वरच्या कडेला, एवढे पुरते. खालची कड मोकळी राहिली की कागदाला फुगायला-आखडायला जागा मिळते. दुसरी चूक म्हणजे काच थेट चित्राला टेकवणे. मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर काचेवर जमणारे दव रंगाला चिकटते.

टांगण्याची उंची नजरेवर ठरते. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर असावा. शाळेच्या मुलांसाठी प्रदर्शन असेल तर ४८ इंच धरा. आपल्याकडे तसेही निम्मे प्रेक्षक मुलेच असतात. खिळ्याची जागा अशी काढा: ५८ मध्ये फ्रेमच्या उंचीचा अर्धा भाग मिळवा आणि तार ताणल्यावर ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके वजा करा. फ्रेम २४ इंचांची आणि तार ३ इंच खाली येत असेल, तर ५८ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६७ इंच. एका फ्रेमला दोन खिळे ठोका, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने चित्र तिरपे होते.

उजेडाबद्दल फारच बेफिकिरी दिसते. जलरंग, कापड आणि कागदाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचे एकक) पुरे. तैलरंगाला २०० पर्यंत चालतात. खिडकीजवळ दिवसा २,००० लक्स सहज असतात. आठ तासांचा हिशेब केला तर खिडकीजवळचा एक दिवस हा ५० लक्सच्या चाळीस दिवसांइतका पडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. हळद आणि पळसफुलांचे रंग आधी उडतात, गेरू, पिवळी माती आणि काजळी टिकतात. म्हणून मातीच्या रंगांतली कामे उजेडाकडे आणि फुलांच्या रंगांतली आत, अशी वाटणी करावी. खिडकीला जाड पडदा, दिवे एलईडीचे आणि उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कललेले, म्हणजे काचेवर झळाळी येत नाही. हॅलोजन अजिबात नको.

चित्रे टेम्पोने आणताना उभी ठेवा, काचेवर मास्किंग टेपची फुली मारा, आणि तैलचित्रावर बुडबुड्यांचे प्लॅस्टिक थेट गुंडाळू नका, त्याचे ठसे उमटतात. मध्ये जुने धुतलेले सुती कापड घाला. आल्या आल्या पेटी न उघडता ती रात्रभर हॉलमध्येच ठेवावी.

शेवटी वेळ. ‘सकाळी ११ ते सायंकाळी ५’ ही वेळ धान कापायला किंवा कापूस वेचायला गेलेल्या माणसासाठी नाही. मंडईच्या दिवसांत दालन रात्री ९ पर्यंत उघडे ठेवले, तर नाटकाला निघालेली माणसे वाटेत थांबतात. आपल्याला विनंती एवढीच, की तालुक्याच्या प्रदर्शनांचीही नोंद छापताना ठिकाण, उघडण्या-बंद होण्याची वेळ, शेवटचा दिवस आणि चित्रांचे माध्यम द्यावे. आणि लोककलेचे काम असेल तर ते काढणाऱ्या बाईचे किंवा माणसाचे नाव व गाव. नुसते ‘आदिवासी कला’ लिहिलेली चिठ्ठी आम्हाला अपुरी वाटते.

आपले,
ब्रह्मपुरी परिसरातील काही चित्रकला शिक्षक व फ्रेम कारागीर
(जि. चंद्रपूर)