गाडीच्या कप्प्यात ठेवायचं पत्र

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर मोठ्या खुशीत सांगितलंस, "बाबा, तो इंजिनाचा पिवळा लाइट गेला. मिस्त्रीनं बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं, अन् झालं." बाबू, तू लाइट विझवायचे पैसे दिलेस. तो काऊन लागला होता हे तू विचारलं नाहीस आणि त्यानंही सांगितलं नाही. वरून गाडीच्या कॉम्प्युटरनं जी नोंद करून ठेवली होती ती टर्मिनल काढल्यावर बहुतेक पुसली गेली असेल. आता लाइट पुन्हा लागेपर्यंत चांगल्या मिस्त्रीलाही मागचं काही दिसायचं नाही. पुन्हा लागला की आधी त्याचा फोटो काढ आणि मला पाठव.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. हे पत्र आरसीसोबत ठेव. आंबियाची संत्री तोडायला आली, वरुडहून नागपूरच्या कळमना बाजाराच्या रातच्या खेपा आता तुलाच करायच्या आहेत.

पिवळा इंजिनाचा लाइट आपल्या गाडीला मागच्या वर्षीही लागला होता. तू तेव्हा अमरावतीला होतास. गाडी चढावर ओढेना. एकानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड वाचला आणि म्हणाला, सेन्सर गेला. नवा सेन्सर टाकला. चार दिवसांनी लाइट परत हजर! मग दुसऱ्या मिस्त्रीनं टॉर्च घेऊन वायर हातानं चाचपत नेली, तर एअर फिल्टरमागे उंदरानं कुरतडलेली. पावसाळाभर गाडी गोठ्यात सरकीच्या पोत्यांजवळ उभी होती, दुसरं काय होणार? वायर जोडून वरून पाइप चढवला, जुनाच सेन्सर परत लावला, कोड पुसला. त्यानंतर लाइट लागला नाही. स्कॅनर दुखणं कोणत्या अंगाला आहे एवढं सांगतो. वायर, कनेक्टर, हवेचे पाइप बघितल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नको. आताही तिथूनच सुरुवात कर, पोती अजून तिथंच आहेत.

पिवळा लाइट एकसारखा लागलेला असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर सावकाश घरी येता येतं. लाल लाइटाचं तसं नाही.

जुन्या गाडीचं इंजिन बसलं, एवढंच तुला माहीत आहे. कसं बसलं ते मी कधी सांगितलं नाही, कारण चूक माझी होती. ऑइल बदलताना खालचा नट नीट आवळला गेला नव्हता. वळणावर ऑइलचा लाल लाइट लुकलुकला, सरळ रस्त्यावर विझला. मला वाटलं, वायर हलत असेल. पुढं तो लागूनच राहिला, तर म्हटलं गाव तीन किलोमीटरवर आहे, जाऊ हळूहळू. इंजिनातून खडखड आली आणि गाडी जागेवर थांबली. बेअरिंग गेले, क्रँक घासून आणावा लागला. संत्री दुसऱ्याच्या गाडीत रात्री दीडला भरली, तुझी माय कंदील धरून उभी होती. तो लाइट ऑइलचं प्रेशर दाखवतो. ऑइल कमी झालं हे त्याच्या कितीतरी आधी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी सांगते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून पट्टी पुसून बघायची, दर खेपेआधी. लाइट लागलाच तर बाजूला घे आणि तिथंच इंजिन बंद कर, गाव दिसत असलं तरी.

बॅटरीचा लाल लाइट चालत्या गाडीत लागला म्हणजे चार्जिंग बंद. बोनेट उघडून आधी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, फिरवणारा पट्टा बघ. तुटला असेल तर पुढं जाऊच नको. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, आणि काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही अल्टरनेटरच्या मागेच असतो. भरल्या गाडीनं घाट उतरताना ब्रेक दगडासारखा कडक झाला की कळेल. पट्टा शाबूत असेल तर बॅटरीला व्होल्टचं मीटर लाव: चालू इंजिनावर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास हवं. १२.५ च्या खाली येत चाललं असेल तर अल्टरनेटर किंवा त्याची वायर.

ब्रेकचा लाइट हँडब्रेक अर्धवट राहिल्यानंही लागतो. तसं नसेल तर ब्रेक ऑइलचा डबा बघ. नुसतं वरून ओतून निघू नको. ब्रेकचे लायनर झिजले तरी पातळी उतरते, आणि मागच्या चाकाच्या आतून ओल दिसली तर गळती आहे.

कॅनमधलं डिझेल टाकलंस आणि फिल्टरमधल्या पाण्याचा लाइट लागला, तर फिल्टरखालचा नळ सैल करून पाणी सोड, स्वच्छ डिझेल आलं की आवळ. तापमानाचा लाइट लागला तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नको. माझ्या मनगटावरचा डाग त्याचाच.

रोज किल्ली फिरवल्यावर क्षणभर थांब. सगळे लाइट लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. ऑइलचा किल्लीवर लागलाच नाही, तर त्याचा बल्ब किंवा वायर गेली समज. जुनी गाडी विकणारे काही जण बल्ब मुद्दाम काढून ठेवतात, हेही ध्यानात असू दे.

पट्टी पुसायचं फडकं धुऊन सीटखाली ठेवलंय. त्यानं काच पुसू नको. मायनं जवसाची चटणी दिली आहे, डबा परत आण.

तुझे बाबा