बिलात आयपीएस मॉनिटर, खोक्यात दुसराच: बदलून देण्याबाबत तक्रार

दि. ८ जानेवारी २०२६
दांडिया बाजार, बडोदे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
संगणक विक्री विभाग

विषय: १८ नोव्हेंबर २०२५ च्या बिलावरील मॉनिटर, एसएसडी, यूपीएस आणि वॉरंटीबद्दल तक्रार

महोदय,

मी दांडिया बाजारात राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचं काम करते. मराठी लग्नपत्रिका, गुजराती कंकोत्र्या, मुंजीची निमंत्रणं, मंडळांच्या स्मरणिका. बावीस वर्षं हेच करते आहे आणि घर याच कामावर चालतं. वर दिलेल्या तारखेला मी तुमच्याकडून डेस्कटॉप, २४ इंची मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस, कीबोर्ड आणि माऊस घेतला. किंमत ५२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९,३६०, असे एकूण ६१,३६० रुपये एकरकमी भरले.

जुना संगणक बंद पडला नव्हता. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे निदान आठव्या पिढीचा लागतो. गिऱ्हाइकांचे फोटो आणि पत्ते ज्या मशीनवर येतात ते असं उघडं ठेवणं मला पटेना, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर एवढा खर्च केला.

घेण्याआधी तुमच्या विक्री प्रतिनिधीशी माझं तीन वेळा बोलणं झालं. मला काय हवंय ते मी स्पष्ट सांगितलं होतं. काम रंगाचं आहे, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर बसणं आहे, गिऱ्हाईक शेजारी बसून प्रूफ बघतं आणि लेझर प्रिंटर जोडलेला असतो. ते म्हणाले, "बेन, घरवाळुं मॉडल ना लेशो, बिझनेसवाळुं लो." घरगुती मॉडेलपेक्षा ते सात हजारांनी महाग होतं. मॉनिटर आयपीएस पॅनेलचा (म्हणजे बाजूने, वरून बघितलं तरी रंग जवळपास तेच दिसणारा), एसएसडी म्हणजे फाईल साठवायची डिस्क एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, तीन वर्षं घरी येऊन दुरुस्ती, हे सगळं त्यांनी व्हॉट्सॲपवर लिहून दिलं. त्यातलं मॉनिटर आणि एसएसडीचं वर्णन तुमच्या बिलातही जसंच्या तसं छापलेलं आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मॉनिटरने केलं, म्हणून ते आधी सांगते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका घरची पत्रिका होती. मुलीच्या पैठणीसारखा डाळिंबी रंग त्यांना हवा होता. मुलीचे वडील माझ्या शेजारी बुटक्या स्टुलावर बसले होते, आई माझ्या खुर्चीमागे उभी होती. मला डाळिंबी दिसत होता. वडील म्हणाले, फार काळपट झालाय, उजळा. मी उजळवला, तर आई म्हणाल्या, अहो हा तर गुलाबी झाला. पाऊण तास आम्ही तिघं एकाच पडद्याकडे बघून तीन वेगवेगळ्या रंगांबद्दल बोलत होतो आणि मला वाटत होतं की माझीच नजर चुकते आहे. शेवटी वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे रंग ठेवला. रावपुऱ्यातल्या प्रेसमधून चारशे पत्रिका छापून आल्या त्या भडक. त्या घरच्यांनी घेतल्या नाहीत, आणि त्यांची चूकही नव्हती. मी पदरचे ७,२०० रुपये घालून दुसऱ्यांदा छापून दिल्या. माझ्याकडून पत्रिका परत जाण्याची बावीस वर्षांतली ही पहिलीच वेळ.

त्यानंतर भाच्याने मॉनिटरचं खोकं माळ्यावरून काढलं. खोक्यावर बघण्याचा कोन १७०/१६० अंश छापलेला आहे. आयपीएसवर साधारणपणे दोन्ही आकडे १७८ असतात. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर उत्पादकाच्या संकेतस्थळावर पाहिला, तर पॅनेल टीएन. टीएन पॅनेलवर जरा वरून पाहिलं की रंग फिकटतात आणि खालून पाहिलं की काळवंडतात. नुसता हिशेब लिहायचा असेल तर तो चालेलही. पण पत्रिकेचा रंग ठरवण्यासाठी असा मॉनिटर देणं म्हणजे सोनाराला खोटा तराजू देणं आहे. तुमच्या तंत्रज्ञाने फोनवर "ब्राइटनेस कमी करून बघा" असं सांगितलं. पॅनेलचा प्रकार ब्राइटनेसने बदलत नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

एकाबाबतीत फसवणूक निघाली म्हणून आम्ही बाकीचंही तपासलं. एसएसडी ५१२ जीबीचीच आहे, पण एनव्हीएमई नाही, एम.२ या छोट्या पट्टीच्या आकाराची, पण साटा या जुन्या, कमी वेगाच्या प्रकारची आहे. दोन्ही एकाच खाचेत बसतात आणि वरून सारख्याच दिसतात, त्यामुळे कॅबिनेट उघडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आमच्या एसएसडीच्या सोनेरी कडेला दोन कापे आहेत, एनव्हीएमईला सहसा एकच असतो. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पुढे जाते. खरं सांगायचं तर माझ्या फाईल दोन सेकंद उशिरा उघडल्या म्हणून माझं काम अडत नाही. पण बिलात एक लिहून आत दुसरं बसवलंय, आणि पैसे मी बिलात लिहिलेल्या वस्तूचे दिले आहेत.

यूपीएसची गोष्ट वेगळी आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार उचलतो. लेझर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे कागदावर छपाई पक्की करणारा गरम भाग, तापताना एकदम याहून जास्त ओढ घेतो, म्हणून लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नसतो, सरळ भिंतीच्या प्लगात लावायचा असतो. हे मला आता कळलं. जोडणी तुमच्या माणसाने केली होती. प्रिंटरची पिन त्याने स्वतः यूपीएसमध्ये घातली आणि मला म्हणाला, आता लाईट गेली तरी प्रिंट थांबणार नाही. पंधरा दिवस प्रिंट दिली की यूपीएस किंचाळायचा आणि संगणक बंद व्हायचा. पुढे यूपीएसच जळाला. तुमचं उत्तर आलं, "ओव्हरलोडमुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही." ओव्हरलोड तुमच्या माणसाने केला. त्याची सही असलेला इन्स्टॉलेशनचा कागद माझ्याजवळ आहे आणि त्यावर "यूपीएसला पीसी + मॉनिटर + प्रिंटर" असं त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

तीन वर्षं घरी येऊन दुरुस्तीचं जे वचन होतं, ते तुमच्या नोंदीत एक वर्ष झालं आहे, आणि तेही मशीन अहमदाबादच्या केंद्रावर नेऊन दिल्यास. साठ वर्षांच्या बाईने कॅबिनेट उचलून शंभर किलोमीटर न्यावं, अशी सेवा मी विकत घेतलेली नव्हती. तसं सांगितलं असतं तर मी सात हजार जास्त मोजलेच नसते.

२९ डिसेंबरला तुमच्या ग्राहक सेवेतून मला सांगण्यात आलं की, जीएसटीचं बिल घेतल्यामुळे मी "व्यावसायिक खरेदीदार" आहे, ग्राहक नाही, त्यामुळे ग्राहक म्हणून तक्रार करता येणार नाही. हे वाक्य मला फार लागलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मधला खुलासा कृपया वाचावा. स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या कायद्याने व्यापारी हेतूची धरलेली नाही. माझ्याकडे नोकर नाही, शाखा नाही. एक खोली, एक मशीन आणि मी. शिवाय याच कायद्याप्रमाणे मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल करता येते, त्यासाठी तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जावं लागत नाही.

माझी मागणी अशी आहे. बिलाप्रमाणे आयपीएस मॉनिटर आणि एनव्हीएमई एसएसडी बडोद्यात घरी आणून बसवून द्यावी, आणि जुन्या एसएसडीवरचा माझा सगळा डेटा माझ्यासमोर नवीनवर घ्यावा. यूपीएस बदलून द्यावा. तीन वर्षांच्या घरपोच दुरुस्तीची लेखी नोंद करावी. दुसऱ्या छपाईचे ७,२०० रुपये द्यावेत. हे जमत नसेल तर सगळं सामान परत घेऊन ६१,३६० रुपये आणि छपाईचा खर्च माझ्या खात्यात जमा करावा.

कमुरता, म्हणजे लग्नं न करण्याचा महिना, उतरला की फेब्रुवारीतल्या लग्नांच्या पत्रिका आणि कंकोत्र्या एकदम येतात. सध्या मी प्रत्येक प्रूफ शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपवर नेऊन दाखवते आहे. म्हणून २३ जानेवारी २०२६ पर्यंत लेखी उत्तर मिळावं. तोवर काही झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवून मी बडोद्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन.

आपली,
(सही)

सोबत: बिलाची प्रत, व्हॉट्सॲप संभाषणाची छापील प्रत, मॉनिटरचं खोकं, स्टिकर आणि एसएसडीचे फोटो, इन्स्टॉलेशनच्या कागदाची नक्कल, परत आलेली एक पत्रिका.