सिगारवर पूर्ण पान, मग आमच्या विडीवर का नाही?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हातानं वळलेल्या महागड्या सिगारवर अख्खं पान आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. क्युबातला पिनार देल रिओ भाग, सिगारच्या पोटातली भरण, तिला बांधून ठेवणारं पान अन् सगळ्यात वर डाग नसलेलं मऊ पान, तंबाखूचे ढीग लावून महिनोन्महिने आंबवायचे मग तिचा उग्रपणा जाते, सगळं छान लिहिलंय. 1865 पासून हवानाच्या कारखान्यात एक जण पेपर, कादंबऱ्या मोठ्यानं वाचायचा अन् बाकीचे ऐकत ऐकत वळायचे, हे वाचलं अन् मला एकदम आमचं अंगण दिसलं.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले. आई, काकू, शेजारच्या दोघीतिघी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या, मध्ये रेडिओ, आकाशवाणी नागपूर. तेंदूपत्ता म्हणजे विडीचं पान, ते रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीनं कापायचं. आई प्रत्येक पान उजेडाकडे धरून पाहायची, जाड शीर मध्ये आली की विडी तिथंच फुटते. मग चिमूटभर जर्दा, बोटांची एक फिरकी, तोंड दुमडून आत खोचायचं, सुताचे वेढे, झाली. 25 विड्यांची जुडी म्हणजे एक कट्टा. रेडिओवरचं गाणं संपेपर्यंत किती झाल्या ते तिला मोजावं लागत नव्हतं, हाताला कळायचं.

अन् ते पान काही बाजारातून येत नाही साहेब. उन्हाळ्याच्या आधी झुडपं छाटली की कोवळा पाला फुटते, मे महिन्यात पहाटे अंधारात जंगलात जायचं, वाघ अस्वलाची भीती असतेच, दुपारी घरी बसून 70 पानांचे पुडे बांधायचे अन् संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथं, नेऊन द्यायचे. मध्येच गारपीट झाली तर पानाला भोकं पडतात अन् सीझन गेला.

सरकारनं कायदा केला तोही दोघांचा एकच, विडी आणि सिगार कामगार कायदा 1966. कायद्यात शेजारी बसलेत पण कौतुक एकाचंच होते. आमच्याकडे सट्टेदार, म्हणजे विड्या वळून घेणारा ठेकेदार, छाट म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढायचा, त्याचे पैसे कापायचा अन् त्या विड्या परतही द्यायचा नाही, याचं मला अजून वाईट वाटते.

तंबाखू वाईटच, काकूचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही, विडी प्या असं मी कोणालाच म्हणणार नाही. पण सिगार वळणाऱ्याच्या हाताला तुम्ही वारसा म्हणता तर माझ्या आईच्या हाताला पण म्हणा ना.

मे मध्ये तुमचा माणूस पाठवा. पहाटे चारला निघावं लागते. आई आता वळत नाही पण फर्मा अन् कैची जपून ठेवलीय, ती स्वतः बसून दाखवते म्हणते.

आपला एक वाचक,
जि. भंडारा